मॉनिटर आहे, मग बेसिकची उजळणी कशाला?

नर्सिंगच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. म्हणणं असं: जीएनएम-बीएस्सीला, म्हणजे नर्सिंगच्या कोर्सला, बेसिक शिकून झालंय, वर्षानुवर्षं ड्युटी केलीय, आता पुन्हा नाडी-श्वास-इंजेक्शनची उजळणी म्हणजे अनुभवी सिस्टरांचा अपमान. शिवाय मॉनिटर आणि सलाईन सोडणारे पंप आहेतच. आणि ट्रेनिंग तरी कसलं, इन्स्पेक्शनच्या फायलीसाठी सह्या! अंगठ्यांचा नुसता पाऊस पडलाय त्यावर. म्हणून एकेक मुद्दा घेते.

‘मॉनिटर सगळं दाखवतो.’ पल्स ऑक्सिमीटर रक्तातला ऑक्सिजन दाखवतो. श्वास घ्यायला पेशंटला किती कष्ट पडताहेत, ते नाही. मास्क लावलेल्याचं सॅच्युरेशन ९६ असतं आणि श्वास मिनिटाला ३० वर गेलेला असू शकतो. प्रौढ माणसाचा हवा १२ ते २०. तब्येत ढासळू लागली की बऱ्याचदा श्वासाची गती आधी बदलते, आणि नेमका तोच रकाना टीपीआर (ताप-नाडी-श्वास) चार्टवर बेडमागून बेड ‘२०, २०, २०’ असा भरलेला. अख्खा वॉर्ड एका तालात श्वास घेतो म्हणायचा! जाड दंडाला लहान कफ (बीपीचा पट्टा) बांधला की बीपी वाढीव येतं, हात खाली लोंबत असला तरी तेच. मशीन आकडा देऊन मोकळं होतं. सलाईन शिरेबाहेर जाऊन हात सुजला तरी पंप निमूट चालू राहू शकतो. ते बघायला डोळे आणि बोटंच लागतात.

‘अनुभवी हात चुकत नाही.’ इन्सुलिनचंच घ्या. आपल्याकडे वायल (औषधाची कुपी) बहुतेक वेळा मिलीला ४० युनिटची, पण १०० ची औषधंही वापरात आहेत. ४० ची सिरिंज लाल टोपणाची, १०० ची केशरी. रात्रपाळीला लाल संपल्या, केशरी हाताला लागली. ऑर्डर २० युनिटची. ४० च्या वायलमधून केशरी सिरिंज २० च्या खुणेपर्यंत भरली तर आत आलं ०.२ मिली, म्हणजे फक्त ८ युनिट. शुगर उतरत नाही, म्हणून सकाळच्या राउंडला डोस वाढतो, आणि पुढच्या शिफ्टची सिस्टर बरोबर सिरिंजने तो वाढीव डोस पुरता देते. उलटं झालं, १०० ची वायल आणि लाल सिरिंज, तर २० च्या जागी थेट ५० युनिट. इथे सवयच दगा देते: खुणेवर नजर जाते, लेबलवर जात नाही. नवखी पोरगी निदान दोनदा वाचते तरी.

‘एकदा शिकलं ते कायमचं.’ सीपीआरला, म्हणजे हृदय बंद पडल्यावर छाती दाबण्याला, हे अजिबात लागू नाही. मिनिटाला १०० ते १२० दाब, खोली ५ ते ६ सेंटीमीटर, हे तोंडपाठ राहतं. पण सराव नसेल तर काही महिन्यांतच दाब उथळ पडू लागतात.

‘सह्यांपुरतं ट्रेनिंग.’ इथे मेसेज बऱ्याच अंशी खरा आहे. नाइट करून आलेल्या सिस्टरला हॉलमध्ये कोंबून स्लाइड दाखवायच्या, चहा पाजायचा आणि रजिस्टर पुढे सरकवायचं, याला विरोध व्हायलाच हवा. पण मग उजळणी बंद करा असं कशाला म्हणायचं? ड्युटीच्या वेळेत, आपल्याच वॉर्डात, आपल्याच ट्रॉलीवरच्या सिरिंजा आणि वायली समोर मांडून ती घ्या, असं मेट्रनना लेखी द्या. सह्या मी गोळा करते.