तोंड कुणीकडं करणार?

१७ सप्टेंबरला आमच्या गावाच्या ग्रुपवर झेंडावंदनाचे फोटो पडले. शाळेची पोरं, सरपंचांचा फेटा, मागं कुणाची तरी म्हैस. लंडनला तेव्हा पहाट होती. कामावर जाताना ट्रेनमध्ये ग्रुप उघडला, तर फोटो राहिले बाजूला आणि भलतीच चर्चा रंगलेली. एका पोरानं टाकलं होतं: मराठवाडा निजामाकडून सुटला त्या मुक्तिसंग्रामाची आठवण म्हणून चौकात एक मशीनगन बसवू या. शहराशहरांत जुने रणगाडे ठेवलेत, मग गावाला एक गन मिळायला काय हरकत आहे?

अंगठ्यांचा पाऊस पडला. मग कुणीतरी वाघनखं काढली. २०२४ मध्ये ती लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधून तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात, आधी साताऱ्यात आली, आणि खरी कुठली म्हणून इतिहासकारांत जुंपली, तो सगळा वाद ग्रुपवर पुन्हा एकदा झाला. ‘इंग्रजांकडं आपलं लई सामान पडलंय’ इथवर गाडी आली आणि मग माझी आठवण झाली. ‘दादा, तू तिथंच हाईस. म्युझियममध्ये जाऊन ये. चौकात कसली गन उठून दिसंल, फोटो टाक.’

परदेशात बसून गावाला शहाणपण शिकवणारा माणूस गावात कुणाला आवडत नाही, आणि ते बरोबरच आहे. म्हणून ‘बघतो’ एवढंच लिहिलं आणि रविवारी लेकीला घेऊन इम्पीरियल वॉर म्युझियमला गेलो. तिकीट नाही. दारातल्या हिरवळीवर युद्धनौकांच्या दोन अजस्र तोफा आहेत, पंधरा इंची तोंडाच्या. इमारत मुळात वेड्यांच्या इस्पितळाची. ते हलवलं आणि १९३६ मध्ये तिथं युद्धाचं संग्रहालय आलं. हे मी ग्रुपवर कळवलं तेव्हा सगळे हसले. इथले लोकही ते हसतच सांगतात.

पोरांना हवी होती तसली गन म्हणजे व्हिकर्स. १९१२ मध्ये ब्रिटिश फौजेनं घेतली ती १९६८ पर्यंत वापरली. हायरम मॅक्झिम नावाच्या अमेरिकन माणसानं १८८४ मध्ये लंडनमध्ये पहिली खरी स्वयंचलित मशीनगन बनवली, तिचीच ही सुधारलेली धाकटी बहीण. गोळी सुटताना जो धक्का मागं बसतो, त्याच धक्क्यानं रिकामी पुंगळी बाहेर पडते आणि पुढची गोळी आत येते. माणसानं फक्त अंगठे दाबून धरायचे. मिनिटाला साडेचारशे-पाचशे गोळ्या.

पण मराठवाड्यातल्या माणसाचं लक्ष शेवटी पाण्याकडंच जाणार. व्हिकर्सच्या नळीभोवती पन्हाळी पत्र्यासारखा नक्षीदार जाड नळा असतो, त्यात चारेक लिटर पाणी भरतात. नळी तापून लाल होऊ नये म्हणून. सलग सहाशेच्या आसपास गोळ्या झाडल्या की ते पाणी उकळायला लागतं. वाफ दिसली तर शत्रूला ठिकाण कळणार, म्हणून रबरी नळीनं ती एका डब्यात सोडायची, आणि डब्यात जमलेलं पाणी पुन्हा गनमध्ये. मी इथं पाण्याच्या पाइपलाइनचंच काम करतो, त्यामुळं या डब्यापाशी जरा जास्तच रेंगाळलो. पहिल्या महायुद्धात, ऑगस्ट १९१६ मध्ये, फ्रान्सातल्या सोमच्या लढाईत हाय वूड नावाच्या रानापाशी अशा दहा गननी बारा तासांत दहा लाखांच्या आसपास गोळ्या झाडल्याचं त्यांच्या अधिकाऱ्यानं लिहून ठेवलंय. पाण्याचे पिंप संपले तेव्हा शिपायांच्या लघवीची बादली ओतली. लेक म्हणाली, ‘ई.’ मला एप्रिल २०१६ आठवला. मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं तेव्हा माझी मावशी डबे मोजत स्टेशनावर उभी होती.

गनच्या एका बाजूला कापडी पट्टा लोंबत होता, अडीचशे गोळ्यांचा. पितळी गोळ्या ओळीनं खोवलेल्या. आणि मी जागीच थांबलो, कारण तसली एक पुंगळी आमच्या घरी होती.

आमचं गाव नळदुर्गच्या अलीकडं. १३ सप्टेंबर १९४८ ला सोलापूरकडून भारतीय फौज आत शिरली, ती याच रस्त्यानं. बोरी नदीवरचा पूल निजामाच्या माणसांनी उडवायच्या आत ताब्यात घेतला, मग किल्ल्यापाशी हैदराबादच्या पलटणीशी लढाई झाली. पाच दिवसांत सगळं आटोपलं. आजी तेव्हा दहा वर्षांची. रझाकारांच्या भीतीनं बायका-पोरं ज्वारीत लपायची, ती माणूसभर उंच झालेली होती, एवढंच ती सांगायची. फौज पुढं गेल्यावर तिचा थोरला भाऊ रस्त्यावर गेला आणि एक पुंगळी घेऊन आला. ती सत्तर वर्षं आजीच्या पानाच्या डब्यात, अडकित्त्याशेजारी पडून होती. आम्ही पोरं तिची शिट्टी करायचो. तोंडापाशी आडवी धरून फुंकलं की असा आवाज निघायचा की कुत्री उठायची. बुडावर दोन इंग्रजी अक्षरं होती, के आणि एफ. पुढं कॉलेजात कळलं की ती खडकीच्या दारूगोळा कारखान्याची खूण. म्हणजे गोळी पुण्याची. पण झाडली कुणी? भारतीय फौजेकडं ३०३ च्याच इंग्रजी बंदुका, निजामाच्या पलटणीकडंही इंग्रजी बनावटीचीच हत्यारं. पुंगळीवरून बाजू कळत नाही.

खरं तर इथंही ती कळत नाही. लेकीच्या शाळेतल्या वहीत सोम आहे. १ जुलै १९१६, एका दिवसात ब्रिटिशांची ५७,४७० माणसं पडली, त्यातली १९,२४० ठार, समोर जर्मन मशीनगन. तिनं खंदकाचं चित्रही छान काढलंय. त्याच्या आधीचं ओमदुर्मान वहीत नाही. सुदानमध्ये, २ सप्टेंबर १८९८ ला इंग्रजांच्या तोफा, रायफली आणि मॅक्झिम गनसमोर काही तासांत दहा हजारांवर माणसं मेली. इंग्रजांच्या बाजूची पन्नाससुद्धा नाहीत. गन स्वतःवर चालली की शोकांतिका, दुसऱ्यावर चालली की ती वहीत येत नाही. मी लेकीला जालियनवाला बागेचं सांगितलं. डायरनं मशीनगन बसवलेल्या दोन चिलखती गाड्या नेल्या होत्या, पण बागेची गल्ली अरुंद, गाड्या आत जाईनात. पन्नास शिपायांच्या रायफलींनी १६५० गोळ्या झाडल्या, दहा मिनिटं लागली. आत जाता आलं असतं तर मशीनगन वापरली असतीस का, असं पुढं चौकशीत विचारलं तेव्हा तो म्हणाला, बहुधा हो. व्हिकर्सला १६५० गोळ्या म्हणजे चार मिनिटांच्या आतलं काम. लेकीनं पट्ट्यांचा हिशेब केला: सात पट्टे, तोही शेवटचा अर्धवट.

आपली माणसं गनच्या दोन्ही टोकांना होती. १० जुलै १९४४ ला इटलीत मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे जर्मन मशीनगनच्या मोर्चावर एकटे धावून गेले, सोबतची सगळी तुकडी पडल्यावर. गन बंद पाडली, बंदुकीत गोळ्या भरायला वेळ नव्हता म्हणून उरलेल्यांना दस्त्यानं मारलं, आणि लगेच लपलेल्या नेमबाजाच्या गोळीनं गेले. वय बावीस. त्यांना आणि त्याच रेजिमेंटच्या नामदेव जाधवांना व्हिक्टोरिया क्रॉस, इंग्रजांचं शौर्याचं सगळ्यात मोठं पदक, मिळालं ते मशीनगन चालवल्याबद्दल नाही, तिच्यासमोर गेल्याबद्दल. ग्रुपवर हे टाकलं तर एकानं विचारलं, ‘मग जर्मन गन मिळंल का?’

एका बाबतीत मात्र गाव लंडनच्या पुढं आहे. दौलताबादच्या मेंढा तोफेपाशी उभं राहिलं की ती का ओतली आणि मारा कुठवर जायचा, ते नुसत्या नजरेला कळतं. ती आपल्या बुरुजावर आहे. म्युझियममधली गन भिंतीकडं तोंड करून असते, नाहीतर आपल्याकडं. तिला आपला मुलूख नसतो. गावाकडं ठेवली तर तिला मुलूख मिळेल, पोरांचं हे मला पटलं. आणि तिथंच माझी गाडी अडली. म्हणून घरी येऊन ग्रुपवर फोटो टाकला आणि खाली एकच प्रश्न: तोंड कुणीकडं करणार?

तात्यांचा फोन आला. तात्या म्हणजे माझे चुलते, ग्रुपवर लिहीत नाहीत, वाचतात सगळं.

‘आरं, तोंडाचं काय एवढं?’

‘तात्या, सोलापूरकडं केलं तर ती निजामाची गन झाली. आपल्या फौजेवर रोखलेली.’

‘मग हैदराबादकडं करू.’

‘हैदराबादकडं म्हणजे चौकातनं कुठं?’

तात्या गप्प. चौकातून पूर्वेला मणियार गल्ली लागते. मणियार म्हणजे बांगड्या विकणारे मुसलमान. नाव मणियार गल्ली आणि तिथं एकही मणियार राहत नाही. १९४८ च्या त्या पाच दिवसांनंतरच्या आठवड्यांत मुसलमानांचं काय झालं, ते बघायला केंद्र सरकारनं पंडित सुंदरलालांची समिती पाठवली होती. सगळ्यात जास्त झळ बसलेले जिल्हे तिनं नावानिशी लिहिले: उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेड. मेलेल्यांचा तिचा अंदाज सत्तावीस ते चाळीस हजार. अहवाल कित्येक दशकं बाहेर आला नाही. रझाकारांनी जाळलेली घरं आमच्या भागात बोट दाखवून सांगतात, दर १७ सप्टेंबरला भाषणात येतात, यायलाच हवीत. लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थांपासून संस्थानाच्या सीमेवरच्या कॅम्पांतल्या पोरांपर्यंत माणसांनी काय सोसलं, ते खरंच आहे. मणियार गल्ली मात्र कुणाच्या भाषणात येत नाही. आजीच्याही बोलण्यात ती एकदाच आली: बांगड्या भरायला मग तुळजापूरला जावं लागायचं, एवढंच.

‘त्यो विषय कशाला काढतुस?’ तात्या म्हणाले. रागावून नाही.

‘मी नाही काढत. गन काढते.’

परदेशात राहून एवढं सोपं झालंय की हे मी ट्रेनमध्ये बसून बोलू शकतो. तात्यांना संध्याकाळी त्याच चौकात, त्याच पारावर बसायचंय. हा फरक मला रोज टोचतो असं नाही, पण त्या फोनवर टोचला.

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर दिशा यायला लागल्या. पोस्टाकडं करा. नको, तिथं माझं घर. एसटी स्टँडकडं. तिथं रसवंतीवाल्यानं हात जोडलेली खूण टाकली. शाळेकडं म्हटल्यावर हेडमास्तर पहिल्यांदाच ग्रुपवर काहीतरी बोलले. शेवटी एकानं लिहिलं, सरळ वर करा, आभाळाकडं. त्याखाली दुसऱ्यानं: ‘ढग पाडायचेत का?’ आणि मग पावसाचाच विषय निघाला, कारण सोयाबीन काढणीला आलंय आणि आभाळ भरून आलंय.