मेनूचं पुढचं पान उलटा

कॅलिफोर्नियातल्या बे एरियातल्या मराठी मंडळींचं व्हिएतनामी जेवण म्हणजे फो, म्हणजे गरम रश्श्यातल्या तांदळाच्या नूडल्स. पाऊस पडला, फो. सर्दी झाली, फो. देशातून पाहुणे आले आणि त्यांना 'वेगळं हवंय पण फार वेगळं नको' असलं, तरी फोच. सॅन होजेत एक लाखाहून जास्त व्हिएतनामी लोक राहतात. त्यांच्या शेजारात इतकी वर्षं काढून आपण मेनूच्या पहिल्या पानापुढे जात नाही, याची मला गंमत वाटते आणि थोडा रागही येतो.

फोशी माझं भांडण नाही. तासन्‌तास उकळलेला हाडांचा रस्सा, त्यात चक्रीफूल, दालचिनी, भाजलेलं आलं आणि कांदा. सगळे वास आपल्या नाकाच्या ओळखीचे, म्हणून तो आपल्याला सोपा जातो. पण माझं मत विचाराल तर व्हिएतनामी स्वयंपाकाची कमाल त्या रश्श्याच्या बाहेर आहे, जवळजवळ कोरड्या नूडल्समध्ये.

सुरुवात बून थित नुओंगपासून करा. मेनूवर फोनंतर बून नावाचा एक विभाग असतो, त्यात हे सापडेल. खोलगट बोलमध्ये तळाशी चिरलेलं लेट्यूस, काकडी, मुगाचे मोड, पुदिना आणि जांभळ्या पाठीची पेरिलाची पानं. त्यावर तांदळाच्या बारीक, गोल, पांढऱ्या नूडल्स, हेच बून. त्यावर गवती चहा, लसूण, साखर आणि फिश सॉसमध्ये मुरवून निखाऱ्यावर भाजलेलं पोर्क, कडा जरा करपलेल्या. बाजूला आंबटगोड मुरवलेलं गाजर-मुळा, वरून भरडलेले दाणे आणि गरम तेलात परतलेली कांद्याची पात. बहुतेक ठिकाणी एक तळलेला रोलही कापून ठेवतात. आणि वेगळ्या वाटीत नुओक चाम: फिश सॉस, लिंबू, साखर, पाणी, लसूण, मिरची. ते सगळंच्या सगळं ओता. चमच्या-चमच्यानं घाबरत घालणाऱ्यांना या पदार्थाची चव कळायची नाही. मग तळापासून नीट कालवा. पोर्क खात नसाल तर चिकन किंवा कोळंबी असतेच.

'नूडल्स गार आहेत' म्हणून बोल परत पाठवणारी माणसं मी पाहिली आहेत. अहो, त्या गारच असायच्या! गरम मांस, निवलेल्या नूडल्स आणि कच्चा पाला एकाच घासात यावा म्हणून तर हा सगळा खटाटोप. तसंच त्या पानांचं. ती शोभेसाठी नसतात. ताटात बाजूला सारलीत तर अर्धा पदार्थ बाजूला सारलात. फिश सॉसच्या वासाला नाक मुरडणाऱ्या, पण सुकट-जवळा मिटक्या मारत खाणाऱ्या माझ्या कोकणी नातेवाइकांबद्दल मी काही बोलत नाही.

उत्तरेला, हनोईत, याच कल्पनेचं रूप निराळं आहे. बून चामध्ये नूडल्स वेगळ्या ताटात आणि मांस कोमट, पातळ नुओक चाममध्ये बुडालेलं. खिम्याच्या छोट्या चपट्या वड्या आणि पोर्कच्या चरबीदार कापा, दोन्ही कोळशावर भाजलेल्या, सोबत कच्च्या पपईचे काप. हे हनोईचं दुपारचं जेवण. 2016 साली ओबामा आणि टीव्हीवरचा शेफ अँथनी बोर्डेन प्लॅस्टिकच्या स्टुलांवर बसून हेच जेवले होते, आणि त्या हॉटेलवाल्यांनी ते टेबल पुढे काचेत बंद करून ठेवलं.

पण मराठी माणसानं हनोईत जाऊन एकच गोष्ट खायची असेल तर मी म्हणेन 'चा का'. हळद लावलेला मासा टेबलावरच तव्यात तळतात आणि त्यात शेपू टाकतात. हो, आपला शेपू, चिमूटभर नाही, जुडीच्या जुडी! तो मासा, शेपू, बून आणि शेंगदाणे एकत्र खायचे. शेपूचं नाव काढताच घरात दोन तट पडतात हे मला माहीत आहे. मी शेपूवाल्यांच्या बाजूची आहे, त्यामुळे माझं मत त्या हिशेबानं घ्या.

आता बाहेरदेशीच्या मेनूवर फो इतका पुढे आणि हे सगळं मागे का? फो मूळचा उत्तरेचा. 1954 मध्ये व्हिएतनाम विभागला गेला, लाखो लोक उत्तरेकडून दक्षिणेत गेले आणि त्यांच्याबरोबर फो सायगावात (आजचं हो ची मिन्ह सिटी) रुजला. 1975 मध्ये युद्ध संपल्यानंतर जे निर्वासित अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात, फ्रान्समध्ये पोचले ते बहुतेक दक्षिणेतले. म्हणून इथल्या फोबरोबर मोड आणि तुळशीची पानं येतात, आणि म्हणूनच बून थित नुओंग जवळपास सगळीकडे मिळतं, पण बून चासाठी हनोईच्या माणसाचं हॉटेल हुडकावं लागतं.

मध्य व्हिएतनामचं प्रकरण तर इथं फारच कमी दिसतं. 'मी क्वांग' नावाच्या पदार्थात रुंद, बहुधा हळदीनं पिवळ्या झालेल्या नूडल्स असतात आणि तळाशी जेमतेम रस. वर दाणे आणि चुरायला तिळाचा तांदळी पापड. होई आनचं काव लाउ त्याहून कोरडं. त्याच्या जाड, चिवट नूडल्सचे तांदूळ राखेच्या पाण्यात भिजवतात, आणि पाणी तिथल्या एका जुन्या विहिरीचंच लागतं असं गावकरी सांगतात. विहिरीचं खरं-खोटं राहू दे, पण काव लाउ होई आनमध्येच खावं. इतर ठिकाणी मेनूवर दिसलं तर मी मागवत नाही.

रस्सा सोडवतच नसेल त्यांच्यासाठी तडजोड: हू तिउ. चिनी वस्तीतून कंबोडियामार्गे सायगावात आलेला पदार्थ. यात 'खो' म्हणजे सुका प्रकार मागायचा. चिवट नूडल्स सॉसमध्ये घोळवलेल्या, वर कोळंबी, खिमा, तळलेला लसूण. आणि रस्सा वेगळ्या वाटीत, अधूनमधून घोट घ्यायला. मला तर फोपेक्षा हा जास्त आवडतो.

बान्ह होई मिळालं तर सोडू नका. तांदळाच्या केसासारख्या बारीक शेवयांच्या विणल्यासारख्या चटया, वर कांद्याच्या पातीचं तेल. पहिल्यांदा खाल्लं तेव्हा मला सिंधुदुर्गातले शिरवळे आठवले, फक्त नारळाच्या गोड रसाऐवजी भाजलेलं मांस. बून दाउ माम तोम मात्र धीटांनीच मागवावं. दाबून वड्या पाडलेलं बून, तळलेला टोफू आणि लिंबू पिळून फेस येईपर्यंत घोटलेलं कोळंबीचं आंबवण. अप्रतिम असतं, पण त्यानंतर ऑफिसात मीटिंग असेल तर दुसरं काही खा.

आणि शाकाहारी मंडळी, खाली विचारणारच आहात म्हणून आधीच सांगते. टोफूचा बोल मागवला म्हणजे तो शाकाहारी झाला असं समजू नका, वाटीतलं नुओक चाम फिश सॉसचंच असतं. मेनूवर किंवा पाटीवर 'चाय' शब्द शोधा, चहा नव्हे, त्याचा अर्थ शाकाहारी. व्हिएतनामी बौद्ध लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी मांसमच्छी टाळतात, त्यामुळे चाय स्वयंपाक हा तिथं रीतसर परंपरा असलेला प्रकार आहे आणि सॅन होजेत नुसती चाय हॉटेलंही आहेत. तिथं सोया सॉसचं नुओक चाम देतात. कांदा-लसूणही बहुतेक वेळा नसतो, त्यामुळे सासूबाईंनाही खुशाल घेऊन जा.