कलम ३२ वाला मेसेज: कोर्टात वकिलाऐवजी खरंच कोणीही चालतं का?

सध्या जवळपास प्रत्येक ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. सार असं की वकिलाला पैसे देऊ नका, ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम ३२ प्रमाणे मित्र, नातेवाईक, कोणीही तुमची केस लढवू शकतो, सुप्रीम कोर्टाने १९७८ ला तसा हक्क दिलाय, फक्त कुलमुखत्यारपत्र करून द्या, जज नाही म्हणूच शकत नाही, आणि ग्राहक कोर्ट, लेबर कोर्ट, फॅमिली कोर्टात हे आधीपासून चालतंच. आता गंमत अशी की यातली बरीच वाक्यं कुठल्यातरी खऱ्या कायद्याला चिकटलेली आहेत, म्हणून शिकलेली माणसंसुद्धा डोळे झाकून पुढे ढकलतायत.

तर पहिलं कलम ३२. आहे, खोटं नाही. १९६१ च्या कायद्यातच आहे. पण ते म्हणतं काय, तर एखाद्या ठराविक केसमध्ये वकील नसलेल्या माणसाला आपल्यासमोर उभं राहू द्यायची परवानगी कोर्ट देऊ शकतं. देऊ शकतं, दिलीच पाहिजे असं नाही, आणि मिळाली तरी त्या एका केसपुरतीच. लगेच पुढचं कलम ३३ मेसेजवाल्याने गाळलंय, ते सांगतं की वकिली करायचा अधिकार नोंदणी झालेल्या ॲडव्होकेटलाच. आणि कलम ४५ तर बघाच, अधिकार नसताना वकिली केली तर ६ महिन्यांपर्यंत कैद. भावाच्या केसमध्ये परवानगी घेऊन एकदा उभं राहणं वेगळं आणि कोर्टाबाहेरच्या टपरीवर बसून फी घेऊन लोकांच्या केसेस घेणं वेगळं, पण मेसेज वाचून हे दुसरं काम सुरू करणारे महाभाग पण निघतील.

१९७८ चा निकाल म्हणजे हरिशंकर रस्तोगी विरुद्ध गिरधारी शर्मा, जस्टिस कृष्ण अय्यर यांचा. हा निकाल लोक न वाचताच पाठवतात हे नक्की, कारण त्यात लिहिलंय बरोबर उलटं. वकील नसलेल्या माणसाला कोर्टात घुसून दुसऱ्याची बाजू मांडायचा हक्क नाही, आधी परवानगी पाहिजे, तीही पक्षकाराने स्वतः मागायची, मित्राने नाही. कोर्ट त्या माणसाचा पूर्वेतिहास, पक्षकाराशी नातं, वकील सोडून हाच का हवा, हे सगळं बघणार. आणि परवानगी दिल्यावर माणूस नीट वागला नाही तर मधेच काढून पण घेऊ शकतं. आता यात 'जज नाही म्हणूच शकत नाही' कुठून आलं ते मेसेजवाल्यालाच विचारा.

मेसेजच्या एका व्हर्जनमध्ये सीआरपीसी, म्हणजे फौजदारी खटले कसे चालवायचे त्याचा जुना कायदा, त्याचं कलम २(क्यू) पण टाकलंय. जुन्या सीआरपीसीत प्लीडरच्या, म्हणजे बाजू मांडणाऱ्याच्या, व्याख्येत कोर्टाच्या परवानगीने नेमलेला माणूस बसायचा हे खरं, पण १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी बीएनएसएस हा नवा कायदा आला आणि ती व्याख्या त्यात राहिली नाही. तेव्हासुद्धा परवानगी हा शब्द होताच म्हणा.

कुलमुखत्यारपत्राचा मुद्दा जरा नीट बघायला पाहिजे कारण खरा घोळ इथे होतो. मुलगा दुबईला नाहीतर अमेरिकेत, जमिनीचा दावा साताऱ्यात, मग गावातल्या भावाला मुखत्यारपत्र देतात. दिवाणी केसमध्ये याला आधार आहे, सीपीसी म्हणजे दिवाणी प्रक्रिया संहितेचा ऑर्डर ३. मुखत्यार, म्हणजे ज्याला हे पत्र दिलंय तो, कोर्टात हजर राहू शकतो, अर्ज देऊ शकतो, नोटीस घेऊ शकतो, वकीलपत्रावर सही करून वकील लावू शकतो. पण युक्तिवाद? नाही. मुखत्यार म्हणून युक्तिवाद करायचा हक्क मिळत नाही हे मुंबई हायकोर्टाने १९५० च्या दशकातच नॅशनल रेयॉनच्या केसमध्ये सांगितलंय. फौजदारीत तर अजून कडक, टी. सी. मथाईच्या १९९९ च्या निकालात परदेशातल्या जोडप्याचं मुखत्यारपत्र घेऊन एक जण उभा राहायला गेला, सुप्रीम कोर्टाने सांगितलं की मुखत्यारपत्र म्हणजे कोर्टाची परवानगी नव्हे.

आणि साक्षीचं तर कोणी बोलतच नाही. जानकी भोजवानी विरुद्ध इंडसइंड बँक या केसमध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं, जी गोष्ट फक्त मुखत्यारपत्र देणाऱ्यालाच माहीत आहे त्याबद्दल मुखत्यार त्याच्या वतीने साक्ष देऊ शकत नाही. म्हणजे पैसे तुमच्या हातून दिले, बोलणं तुमच्यासमोर झालं आणि पिंजऱ्यात भाऊ उभा राहिला, तर उलटतपासात पहिल्याच प्रश्नाला त्याची बोबडी वळणार आणि दावा तिथेच लंगडा होणार. मेसेज मानून ज्यांनी असं केलं असेल त्यांचं नुकसान कोण भरून देणार?

आता जिथे दार खरंच उघडं आहे त्याबद्दल. ग्राहक आयोगात वकील नसलेला प्रतिनिधी बाजू मांडू शकतो, मुंबई हायकोर्टाने २००२ ला म्हटलं आणि सुप्रीम कोर्टाने २०११ ला कायम केलं, पुढे २०१४ मध्ये अशा एजंटांसाठी नियम पण आले. कामगारांच्या केसमध्ये तर उलटाच प्रकार, १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे युनियनचा पदाधिकारी कामगारातर्फे बिनधास्त उभा राहायचा, वकिलालाच समोरच्याची संमती आणि ट्रायब्युनलची परवानगी लागायची. महारेरात, म्हणजे बिल्डरविरुद्धच्या तक्रारी जिथे चालतात तिथे, सीए, कंपनी सेक्रेटरी चालतात. पण ही त्या त्या कायद्याने दिलेली सोय आहे, ती दाखवून तालुक्याच्या दिवाणी कोर्टात मामाला उभं करता येत नाही. फॅमिली कोर्टाचं तर मेसेजमध्ये चक्क चुकलंय, तिथे फॅमिली कोर्ट्स ॲक्टचं कलम १३ म्हणतं की वकील लावणं हा हक्क नाही. याचा अर्थ वकिलाच्या जागी काका चालतो असा नाही, तुम्ही स्वतः बोला असा आहे.

दुसरीकडे मेसेजला उत्तर म्हणून जे ठोकून देतायत की काळ्या कोटाशिवाय कोर्टात तोंडच उघडता येत नाही, तेही चूक. स्वतःची केस स्वतः लढवता येते. फक्त मुंबई हायकोर्टात २०१५ च्या नियमांप्रमाणे आधी एक कमिटी बघते की तुम्हाला ते जमेल का.

आणि पैसे नाहीत हाच प्रश्न असेल, या मेसेजला लाइक मिळतात ते त्यामुळेच, तर १९८७ च्या विधी सेवा कायद्यातलं कलम १२ बघा. महिला, मुलं, एससी-एसटी, अपंग व्यक्ती, औद्योगिक कामगार, कोठडीतला माणूस, यांना उत्पन्न न बघता सरकारी खर्चाने वकील मिळतो, बाकीच्यांना उत्पन्नाच्या मर्यादेत. तालुका विधी सेवा समितीत साधा अर्ज द्यायचा, तुमच्यासाठी कोण भांडणार याची परवानगी जजकडे मागत बसावं लागत नाही.