आपल्या पोरांच्या जर्सीवर सट्टेवाल्याचं नाव नको

रविवारी सकाळी लेले ग्राउंडवर पोरं खेळत होती, त्यात एक दहा-अकरा वर्षांचं पोर, अंगात इंग्लंडच्या प्रीमियर लीग फुटबॉलची जर्सी, खडेबाजारातली कॉपी, पाठीवरचा नंबर अर्धा सोललेला पण पुढचा लोगो मात्र चकचकीत. विचारलं, हे काय लिहिलंय रे? तर म्हणतो, "टीमचं नाव असंल की काका." टीमचं कसलं, बेटिंग कंपनीचं नाव होतं ते.

इंग्लंडमध्ये लहान मुलांच्या मापाच्या जर्सीवर बेटिंगचा लोगो छापत नाहीत, मोठ्यांच्या जर्सीवर छापतात. आपल्याकडचा कॉपी माल म्हणजे मोठ्यांचंच डिझाईन बारकं करून मारलेलं. म्हणजे तिकडच्या पोरांना जे देत नाहीत ते अंगात घालून आपली पोरं पळतात. लई वाईट वाटलं बघा.

प्रीमियर लीगच्या क्लबांनी एप्रिल २०२३ मध्ये ठरवलं की २०२५-२६ च्या सिझननंतर जर्सीच्या पुढच्या बाजूला बेटिंगचं नाव नको. बरं केलं. पण बाहीवर चालतं, ग्राउंडच्या कडेच्या एलईडी बोर्डवर चालतं, आणि आपण रात्री जागून मॅच बघतो तेव्हा तेच बोर्ड डोळ्यासमोर फिरत राहतात. इटलीने २०१८ मध्ये कायदा करून जाहिराती बंद केल्याच की, तिथला फुटबॉल काय बंद पडला नाही. आयव्हन टोनी आठवतोय? तेव्हाचा ब्रेंटफर्ड क्लबचा स्ट्रायकर, बेटिंगचे नियम २३२ वेळा मोडले म्हणून मे २०२३ मध्ये आठ महिने बंदी, जुगाराचं व्यसन आहे असं डॉक्टरांचं निदान, आणि ज्या जर्सीत तो गोल मारायचा तिच्यावर नाव बेटिंग कंपनीचंच.

आमच्या टीमचा एक विंगर होता, नाव लिहीत नाही, वडील वडगावात मागावर. आधी पन्नास लावले, मग पाचशे, मग गाडी विकली, मग आईच्या पाटल्या गहाण. घरी कळलं ते वसुलीवाले दारात आले तेव्हा. पूर्वी मटक्याची चिठ्ठी लावणारा पानपट्टीच्या मागं जायचा, इकडंतिकडं बघायचा. याला कधी लपवावंसंच वाटलं नाही, कारण त्याच्या लेखी तो जुगार नव्हताच, "मला गेम कळतो की" म्हणायचा.

आता आज हे लिहायचं कारण. आपल्या गल्लीच्या टूर्नामेंटला एकजण अठरा जर्सी आणि ट्रॉफी फुकट देतो म्हणालाय, पुढं फक्त एका 'न्यूज' वेबसाईटचं नाव टाकायचं. पोरांनो, ती साईट उघडून बघा, बातम्या दोन आणि खाली बेटिंगची लिंक. ऑगस्ट २०२५ च्या केंद्राच्या कायद्यात पैशांच्या ऑनलाईन गेमची जाहिरात केली तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पण मी काय दंडाला भिऊन बोलत नाही, ते रविवारचं पोर आपल्याच टूर्नामेंटला बघायला येणार आहे. जर्सीचे पैसे वर्गणीतनं काढू, कमी पडले तर माझे दोन हजार आधीच धरा. गुरुवारी मंडळाच्या मीटिंगला मी नको म्हणून सांगणार आहे, ज्यांना पटतंय त्यांनी आठ वाजता या.