वाळवंटात सापडलेले विमान बॅटरी बदलून उडत नाही

इजिप्तच्या वाळूत सापडलेल्या किटीहॉक या दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानाचा फोटो आणि त्याखालचा मजकूर आजही फिरतो आहे. मजकुराचा सारांश असा: वाळवंटात गंज लागत नाही, म्हणून 70 वर्षांनी विमान जसेच्या तसे सापडले. बॅटरी बदला, पेट्रोल भरा, उडेल. लिबियात सापडलेल्या विमानाचा तर रेडिओही चालू होता. शिवाय सोडून दिलेले विमान, ज्याला सापडेल त्याचे. यातली जवळजवळ प्रत्येक ओळ चुकीची आहे आणि शेवटची तर जीवघेणी.

«वाळवंटात गंज लागत नाही»

कोरड्या हवेत ॲल्युमिनियमचा पत्रा चांगला टिकतो, एवढे खरे. पण रात्री पत्रा हवेपेक्षा जास्त थंड होतो आणि पहाटे त्यावर दव धरते. समुद्राच्या बाजूचे वाळवंट असेल तर दवाबरोबर खारही येतो. जिथे पोलादी बोल्ट मॅग्नेशियमच्या ओतीव भागात बसवलेला असतो, तिथे तेवढा ओलावा पुरतो. मॅग्नेशियम आतून भुसभुशीत होते आणि वरचा रंग मात्र शाबूत दिसतो.

«जसेच्या तसे सापडले»

हे विमान ब्रिटिश हवाई दलाच्या 260 व्या स्क्वाड्रनचे, क्रमांक ईटी574. 28 जून 1942 रोजी फ्लाइट सार्जंट डेनिस कॉपिंग ते घेऊन निघाले आणि वाट चुकून वाळवंटात उतरले. 2012 मध्ये ते सापडले. फोटो मोठा करून पाहा. प्रोपेलर तुटून वेगळा पडला आहे. शेपटीवरच्या सुकाणूचे कापड नाहीसे होऊन नुसता सांगाडा उरला आहे. किटीहॉकच्या सुकाणूवर रंग-लेप दिलेले कापड ताणलेले असते आणि उन्हातली अतिनील किरणे ते खाऊन टाकतात. त्याच्याविना विमान धड ताब्यात ठेवता येत नाही.

«बॅटरी बदला, पेट्रोल भरा»

सर्वांत मोठे नुकसान ही ओळ करते, म्हणून इथे थोडे थांबू. या किटीहॉकमध्ये ॲलिसन व्ही-1710 हे 12 सिलिंडरचे इंजिन असते. ते कोणत्याही स्थितीत थांबले तरी काही सिलिंडरच्या झडपा उघड्याच राहतात. त्यातून दव आत जाते, जळलेल्या इंधनाच्या आम्लधर्मी काजळीत मिसळते आणि सिलिंडरच्या पोलादी भिंतीला खड्डे पडतात. पिस्टनच्या रिंगा जागेवर चिकटतात. बेअरिंगवरचा तेलाचा थर केव्हाच ओघळून गेलेला असतो आणि त्याच्या जागी वाळूची बारीक पूड बसते. अशा इंजिनाला स्टार्टर दिला, तर पहिल्या काही फेऱ्यांतच रिंगा मोडतात आणि बेअरिंग ओरखडतात. म्हणजे जे वाचवता आले असते तेही जाते.

योग्य क्रम असा. प्रोपेलरला हात लावायचा नाही. आधी 24 स्पार्क प्लग काढायचे (प्रत्येक सिलिंडरला दोन), आत भेदक तेल सोडून ते मुरू द्यायचे, मग बोअरस्कोपने (आत घालून पाहायच्या बारीक दुर्बिणीने) प्रत्येक सिलिंडर पाहायचा. इंजिन सहज फिरले तरी ते सुरू करायचे नाही, पूर्ण सुटे करायचे. क्रँकशाफ्ट आणि कनेक्टिंग रॉड चुंबकीय तपासणीने तडा शोधून मगच परत बसवायचे. रबरी सील, गॅस्केट, नळ्या सगळ्या नव्या. कार्ब्युरेटरमधले रबरी पडदे कडक झालेले असतात. जमिनीवर इंजिन चालेलही, पण पूर्ण ताकद मागितली की इंधन अपुरे पडते, आणि तो क्षण नेमका उड्डाणाचा असतो.

टाक्यांचेही तेच. गोळी लागली तरी आपोआप बुजणाऱ्या टाक्यांमध्ये रबराचे थर असतात. ते सुकून त्यांचा चुरा होतो आणि गाळण्या तुंबतात. तारांवरचे रबरी आवरण तर बोट लावताच गळते.

«लिबियात रेडिओ चालू होता»

हे मात्र खरे आहे. 'लेडी बी गुड' हे अमेरिकी बी-24डी लिबरेटर बॉम्बर विमान 4 एप्रिल 1943 रोजी नेपल्सच्या मोहिमेवरून परतताना भरकटले. इंधन संपत आल्यावर नऊ जणांनी उड्या मारल्या आणि विमान रिकामेच वाळूवर आदळले. 1958 मध्ये तेलशोधकांना ते दिसले. रेडिओ आणि मशीनगन चालल्या, थर्मासमधला चहाही पिण्याजोगा होता. पण रेडिओ विमानाच्या आत, सावलीत होता आणि काळ जेमतेम 15-16 वर्षांचा. आणि विमान? पंखांच्या मागे त्याचे दोन तुकडे झाले होते.

लिबरेटर पुन्हा उडवल्याचे उदाहरण हवे असेल तर ते भारतात आहे. युद्धानंतर ब्रिटिशांनी निकामी करून कानपूरला टाकलेली लिबरेटर विमाने हिंदुस्थान एअरक्राफ्टने जागेवर कामचलाऊ दुरुस्त केली. जमशेद मुन्शी यांनी ती एकेक करून बंगळूरला नेली आणि तिथे त्यांची पूर्ण दुरुस्ती झाली. ती 1968 पर्यंत हवाई दलात होती. पण ती दोन-तीन वर्षेच पडून होती, शेजारी सुट्या भागांसाठी त्याच जातीची विमाने रांगेने उभी होती आणि कुशल कारागीर हाताशी होते.

«ॲरिझोनातून जुनी विमाने उडतातच की»

उडतात, कारण तिथे ती कोणी विसरलेले नाही. जुनी विमाने साठवणाऱ्या, टूसॉनच्या डेव्हिस-मॉन्थन या अमेरिकी हवाई दलाच्या तळावर विमान आले की शस्त्रे आणि इजेक्शन खुर्चीतली (वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या) स्फोटके काढतात, ते धुतात, इंधन काढून घेतात आणि इंधनव्यवस्थेत पातळ तेल फिरवून त्याचा थर ठेवतात. मग फटी बंद करून वर पांढरा, ऊन परतवणारा लेप देतात. एवढे करूनही 2008 मध्ये ठेवलेले 'घोस्ट रायडर' हे बी-52 बॉम्बर विमान 2015 मध्ये उडवण्याआधी त्याच्या सुकलेल्या इंधन-नळ्या बदलाव्या लागल्या.

«ज्याला सापडेल त्याचे»

लष्करी विमान सापडणाऱ्याचे होत नाही. ते कोणत्या देशाचे, जमीन कोणाची आणि आत किंवा आसपास मानवी अवशेष आहेत का, हे आधी ठरते. किटीहॉकमधला दारूगोळा इजिप्तच्या लष्कराने काढला. ते काम त्यांचेच होते. इजिप्तमधल्या अल अलामेन या दुसऱ्या महायुद्धाच्या रणभूमीच्या परिसरात अजून लाखो सुरुंग आहेत. कॉकपिटमधल्या जुन्या मापकांच्या तबकड्यांवर किरणोत्सर्गी रेडियमचा रंग असतो. काच फुटलेली असेल तर ती पूड श्वासातून शरीरात जाते. जेट विमान असेल तर इजेक्शन खुर्चीजवळही जायचे नाही, तिची स्फोटके जुनी झाली तरी निरुपद्रवी होत नाहीत.

असे विमान दिसलेच, तर आल्या पावलांच्या खुणांवरूनच मागे फिरा. दुरून चारही बाजूंचे फोटो, शेपटीवरचा क्रमांक आणि जीपीएस स्थान एवढे स्थानिक पोलीस किंवा लष्कराला द्या. ते स्थान समाजमाध्यमांवर टाकू नका. स्मृतिचिन्ह म्हणून कॉकपिटमधली धातूची ओळखपट्टी काढून नेणारे पुष्कळ असतात. ती गेली, की विमान कोणाचे आणि त्यातला वैमानिक कोण, हे शोधणे फार अवघड होऊन बसते.