एरा बदलतोय, सांभाळा!

भूशास्त्र शिकलेल्या माणसाने हल्ली तरुण मंडळींत बसू नये. पुतणीने केस निळे केले आणि जाहीर केलं, "काका, हा माझा ब्लू एरा!" त्याआधी तिचा जिम एरा होऊन गेला. तो पहाटेचा गजर बंद करण्यात संपला.

मला हे सोसवत नाही. एरा असा घरच्या घरी सुरू होत नाही हो! भूशास्त्रात काळाची उतरंड ठरलेली आहे: सगळ्यात मोठा इऑन, त्याच्या पोटात एरा, मग पीरियड, मग एपॉक आणि तळाला एज. म्हणजे "एजेस झाले रे भेटून!" म्हणणारा तसा बेतानेच बोलतो. "इऑन्स झाले" म्हणणाऱ्याकडे मात्र मी संशयाने बघतो. दोन इऑन मागे जायचं तर 250 कोटी वर्षं झाली. तेव्हा भेटला असशील तर आपण दोघंही एकपेशीय होतो, बाबा.

आणि एरा बदलायला मरणं लागतात. सुमारे 25 कोटी वर्षांपूर्वी समुद्रातल्या बहुतेक प्रजाती संपल्या, तेव्हा कुठे पॅलिओझोइक नावाच्या एराने गाशा गुंडाळला. त्याच्या पुढचा मेसोझोइक संपवायला तर लघुग्रह आदळावा लागला. तेव्हापासून 6 कोटी 60 लाख वर्षं सिनोझोइकच चालू आहे. हे ऐकून पुतणी हळहळली. "एवढी वर्षं एकच? कंटाळा नाही आला कुणाला?"

माणसाच्या नावाने तर नुसता एपॉक मागितला होता, अँथ्रोपोसीन. 2009 साली अभ्यासगट बसला. त्याने कॅनडातल्या क्रॉफर्ड तळ्याच्या गाळात अणुचाचण्यांचं प्लुटोनियम दाखवलं. 2024 मध्ये मतदान होऊन प्रस्ताव नापास! अणुबॉम्ब फोडूनही अख्ख्या मनुष्यजातीला एपॉक मिळाला नाही, आणि हिला हेअर कलरच्या एका डबीवर एरा!

मध्यंतरी ऑफिसात साहेबांनी सगळ्यांना जमवून सांगितलं, "आजपासून कंपनीचा नवा एरा सुरू." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी सवयीने छताकडे बघितलं. शुक्रवारी यादी लागली आणि अर्धा मजला नामशेष झाला. हा शब्द इतक्या काटेकोर शास्त्रीय अर्थाने वापरणारा माणूस मला पहिल्यांदाच भेटला.

मी वाचलो. डायनोसॉर गेले तेव्हाही बारकेसारके सस्तन प्राणी वाचलेच होते. मीही मीटिंगमध्ये कधी तोंड उघडलेलं नाही.