गिरणगावाच्या आठवणींत साळखातं कुठाय?

चाळीच्या दिवसांवरची एक पोस्ट पुन्हा फिरतेय. दहा बाय बाराची खोली, सताड उघडी दारं, गणपतीची वर्गणी, आणि शेवटी ते ठरलेलं वाक्य: ‘तेव्हा कुणी कुणाची जात विचारत नव्हतं.’ खाली बदामच बदाम.

विचारत होते हो. गिरणीत तर खात्याच्या दारातच विचारत होते.

माझे आजोबा साचेवाले, म्हणजे माग चालवणारे. साळखात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात, पगार बरा असायचा. पण तिथे अस्पृश्य कामगाराला शिरू देत नसत. कांडीचा धागा धोट्याच्या, म्हणजे मागावर आडवा धागा नेणाऱ्या लाकडी तुकड्याच्या, भोकातून तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि त्याचं उष्टं आपल्या तोंडाला नको, एवढंच कारण. हा नियम मालकाने लादला नव्हता, शेजारच्या मागावरच्या माणसाने राखला होता. १९२८ च्या सहा महिन्यांच्या संपात बाबासाहेबांनी पुढाऱ्यांना इथेच धरलं: सगळी खाती आमच्या लोकांना खुली करा, नाहीतर मी त्यांना संपात पडू नका म्हणून सांगेन. पुढाऱ्यांनी नाखुशीनेच ती मागणी यादीत घातली. मालकांनी काय उत्तर द्यावं? हा अन्याय असेल तर तो आमचा नाही! मालकांचं एरवी काही पटायचं कारण नाही, पण या एका वाक्याला उत्तर नव्हतं.

आजोबांच्या गोष्टींत लाल बावटा होता, भोंगा होता, पाळीवरून आल्यावरचा चहा होता. हे कधीच नव्हतं.

पुढचंही असंच गळतं. ५ जानेवारी १९७४ ला वरळीच्या बीडीडी चाळीत दलित पँथरच्या सभेनंतर दंगल पेटली. पाचच दिवसांनी परळला पँथरच्या मोर्चावर वरून आलेल्या दगडाने कार्यकर्ते भागवत जाधव गेले. ज्या गॅलऱ्यांतल्या वाळवणांवर आपण हळवे होतो, त्याच गॅलऱ्यांतून तेव्हा काय काय खाली आलं, ते त्या पोस्टवाल्यांच्या थोरल्या भावांना पक्कं आठवत असणार.

खानावळवाल्या बायका तर आठवणींत फक्त वाढायला येतात. कोकणातून, घाटावरून एकट्या आलेल्या गड्यांना महिन्याच्या उधारीवर जेवू घालायचं, आणि आपण किराणा सावकाराच्या व्याजावर आणायचा. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच बायकांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून. ‘मावशीच्या हातची चव’ लिहिणाऱ्यांनी मावशीचं व्याजही लिहावं.

‘कशाला उकरतोस, चांगलं तेवढं घ्यावं’ असं घरातलेच म्हणतात. मला उलट वाटतं. १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाखांच्या आसपास माणसं संपावर गेली, त्यात कायम नोकरी नसलेले, रोज गेटवर ताटकळणारे बदली कामगारही होते. त्यांचा एकोपा मला खरा वाटतो, तो इतक्या भांडणांतून टिकला म्हणून. सगळं गोडच होतं म्हटलं की त्या एकोप्याची किंमतच उरत नाही. शिवाय गोड आठवण बिल्डरलाही चालते. गिरणीची चिमणी तेवढी शोभेला ठेवायची, बाकी टॉवर.

काळाचौकीला महापालिकेचं वस्त्रोद्योग संग्रहालय रखडत का होईना आकाराला येतंय. तिथे धोटा मांडतीलच. त्याच्याखालच्या पाटीवर तो कुणाला हातात धरू दिला नव्हता, हेही लिहा, अशी मागणी आपण गिरणी कामगारांच्या नातवंडांनीच करायला हवी.